खांद्याची दुखापत आणि डिसॅबिलिटी पेन्शन: कोणता कागद कधी करून घ्यायचा

सैन्यात खांदा दुखावलेल्या जवानाच्या डिसॅबिलिटी पेन्शनचा निकाल दोन प्रश्नांवर लागतो. दुखापत नोकरीमुळे झाली का? आणि अपंगत्व किती टक्के? या दोन्हींची उत्तरं तुम्ही वर्दीत असतानाच कागदावर चढतात. घरी आल्यावर ती बदलून घेता येतात, पण त्यात वर्षं जातात, पैसा जातो आणि माणूस थकून जातो. म्हणून हा लेख निवृत्तांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून जास्त, आज नोकरीत असलेल्यांसाठी आहे.

मी इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ऑब्स्टॅकल कोर्सवर दोरावरून उतरताना उजवा खांदा निखळला, पुढे तो पुन्हापुन्हा निखळत राहिला. ऑपरेशन झालं, खालची मेडिकल कॅटेगरी लागली आणि शेवटी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीच्या वेळची लष्करी डॉक्टरांची तपासणी, झालं. आता आमच्या सातारा जिल्ह्यातली पोरं आपापल्या फायली घेऊन येतात. बहुतेक फायलींमध्ये दुखापत खरी असते, पण ती सिद्ध करणारा कागद नसतो.

१. आधी एवढे शब्द पक्के करा

अट्रिब्युटेबल म्हणजे दुखापत किंवा आजार सेवेमुळे झाला. अ‍ॅग्रॅव्हेटेड म्हणजे मुळात सेवेमुळे झाला नसला तरी सेवेमुळे वाढला. दोन्हींपैकी एक असलं तरी चालतं. दोन्ही नाही, असं बोर्डाने लिहिलं तर त्याला आपल्याकडे सगळे ‘नाना’ (नायदर अट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड) म्हणतात, आणि नाना लागला की टक्के कितीही असोत, डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाबद्दलचा भाग, मिळत नाही.

टक्केवारीची खालची मर्यादा २० आहे. त्याखाली बोर्ड १ ते ५, ६ ते १०, ११ ते १४ आणि १५ ते १९ अशा गटांत टक्के देतं. २० पासून पुढे दहाच्या पटीत. ‘१५ ते १९’ आणि ‘२०’ यांत कागदावर एका रेघेचं अंतर आहे, पण पेन्शनमध्ये ते सगळं किंवा काहीच नाही असं असतं.

नोकरी पूर्ण होण्याआधीच वैद्यकीय कारणाने बाहेर काढलं तर इनव्हॅलिडिंग बोर्ड होतं. नोकरी पूर्ण करून, पण लो मेडिकल कॅटेगरीत बाहेर पडलात तर रिलीज मेडिकल बोर्ड. स्वतःहून लवकर निवृत्ती घेणाऱ्यालाही १ जानेवारी २००६ नंतर डिसॅबिलिटी एलिमेंटचा हक्क आहे. ‘तू स्वतः अर्ज करून आलास, तुला काही मिळणार नाही’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबू नका.

२. दुखापत झाली त्याच आठवड्यातलं काम

खांदा निखळला, कॉलरबोन मोडलं, स्नायू फाटला, काहीही झालं तरी पहिलं काम एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, रिपोर्ट करणं आणि नोंद करून घेणं. त्यानंतर इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६ हा फॉर्म. त्यात डॉक्टर दुखापतीचं स्वरूप आणि गांभीर्य लिहितात आणि युनिट लिहितं की जवान त्या वेळी ड्युटीवर होता की नाही. गंभीर दुखापतीत कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, होते. तिचा शेवटचा शेरा, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं मत, पुढे बोर्डाच्या टेबलावर सगळ्यात वजनदार ठरतं.

इथे नेमकं काय वाचायचं ते सांगतो. तारीख, वेळ आणि जागा. कोणता खांदा, उजवा की डावा. ही चूक मी दुसऱ्यांच्या फायलींत पाहिली आहे, इंज्युरी रिपोर्टवर डावा आणि डिस्चार्ज स्लिपवर उजवा. काय करत होतात: ‘पडला’ एवढंच नको, ‘बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्टच्या सरावात दोरावरून उतरताना पडला’ असं हवं. साक्षीदारांची नावं आणि नंबर हवेत. पीटी, परेड, फायरिंग, पेट्रोलिंग, युनिटच्या हुकमाने झालेले कबड्डी-व्हॉलीबॉलचे सामने, कामासाठीचा प्रवास, हे सगळं ड्युटीत मोडतं. वार्षिक सुट्टीत गावी असताना मोटारसायकलवरून पडून खांदा मोडला तर सेवेशी संबंध दाखवणं फार अवघड जातं. ड्युटीच्या ठिकाणाहून सुट्टीवर जाताना किंवा परत येतानाचा प्रवास मात्र वेगळा धरला जातो, त्यामुळे त्या प्रवासाचं वॉरंट किंवा तिकीट जपून ठेवा.

फॉर्मची झेरॉक्स तेव्हाच मागून घ्या. युनिट हलतं, क्लार्क बदलतो, कपाटं बदलतात. दहा वर्षांनी तो कागद सापडेल या भरवशावर राहू नका.

३. खांदा प्रत्येक वेळी निखळला की नोंद

खांद्याच्या दुखापतीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पहिल्यांदा निखळल्यावर सांध्याच्या कडेची पट्टी फाटते, त्याला डॉक्टर बँकार्ट लिजन म्हणतात. मग खांदा सैल होतो आणि टी-शर्ट काढताना, झोपेत कूस बदलताना, वरच्या रॅकमधून ट्रंक ओढतानाही निसटतो. काही दिवसांत जवानाला तो स्वतःच बसवायची सवय लागते. भिंतीला टेकायचं, हात ओढायचा, कट्कन आवाज येतो, संपलं. सिक रिपोर्ट नाही, एक्स-रे नाही.

पुढे बोर्डासमोर तुम्ही सांगता, ‘साहेब, पुष्कळदा निघालाय.’ डॉक्टर पानं उलटतात, नोंद एक किंवा दोनच. आणि निखळण्याच्या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात असा खांदा तपासला तर हात जवळपास पूर्ण वर जातो. मग टक्के कशावर द्यायचे? म्हणून प्रत्येक वेळी एमआय रूमला जाऊनच खांदा बसवून घ्या. बसवण्याआधीचा आणि नंतरचा एक्स-रे मिळाला तर उत्तम. रेल्वेत किंवा गावी सुट्टीवर असताना निखळला तर जवळच्या सरकारी दवाखान्याचा केस पेपर घ्या आणि युनिटला परतल्यावर तो मेडिकल कागदांत लावून घ्या. स्वतः झटका देऊन बसवण्याचा आणखी एक तोटा आहे. त्यात नस किंवा हाड दुखावू शकतं.

नसेचं लक्षण कसं ओळखायचं? दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथे बाहीवर रेजिमेंटचा बिल्ला लागतो, त्या जागी बोट फिरवून बघा. तिथे बधिर वाटत असेल, दुसऱ्या हातापेक्षा कमी कळत असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. खांदा निखळताना अ‍ॅक्सिलरी नस ताणली गेल्याची ती खूण असू शकते. डेल्टॉइडची, म्हणजे खांद्यावरच्या मोठ्या स्नायूची, ताकद याच नसेवर चालते. ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही आणि कधीकधी कुणी विचारतही नाही.

४. कॅटेगरी लपवू नका, ऑपरेशनला विचार न करता नाही म्हणू नका

मेडिकल कॅटेगरी ‘शेप’ या पाच अक्षरांवर ठरते. त्यातलं ‘ए’ हातापायांचं. खांद्यासाठी ए-२ (यू) किंवा ए-३ (यू) असं लिहिलं जातं. यू म्हणजे वरचा अवयव. आधी तात्पुरती कॅटेगरी मिळते, मग रिव्ह्यू होतो आणि शेवटी कायमची. कॅटेगरीच्या बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१५. प्रत्येक रिव्ह्यूची प्रत ठेवा.

पुष्कळ जण प्रमोशन, कोर्स किंवा चांगल्या पोस्टिंगसाठी दुखणं दाबून शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, करून घेतात. कुटुंब चालवायचं असतं, त्यामागचं कारण मला कळतं. पण शेप-१ होऊन रिटायर झालात तर कागदावर तुम्हाला कोणतंही अपंगत्व नाही, आणि मग खांद्यासाठी मागायला काही उरत नाही. हा निर्णय घेताना दोन्ही बाजू नीट समजून घ्या, बरॅकमधल्या गप्पांवर घेऊ नका.

ऑपरेशन सुचवलं आणि तुम्ही नको म्हणालात तर ‘अनविलिंग’चं सर्टिफिकेट लिहून घेतलं जातं. रिलीज बोर्डाच्या फॉर्ममध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना आहे: उपचाराला नकार दिला का, कारण काय. नकार अवाजवी ठरला तर ऑपरेशननंतर जेवढं अपंगत्व उरलं असतं तेवढंच धरलं जाऊ शकतं. ऑपरेशनची सक्ती नाही, नकार देणं हा तुमचा हक्क आहे. पण नकाराचं कारण स्पष्ट लिहा: आधीचं ऑपरेशन फसलं, मधुमेह आहे, डॉक्टरांनीच यशाची खात्री दिली नाही, जे खरं असेल ते. ‘विलिंग नाही’ एवढ्यावर सही करून उठू नका.

आणखी एक सापळा एकरकमी रकमेचा. अपंगत्व मान्य होऊनही नोकरीत ठेवलेल्या जवानाला डिसॅबिलिटी एलिमेंटऐवजी एकदाच मोठी रक्कम घेण्याचा पर्याय असतो. तो घेतला की निवृत्तीनंतरचा मासिक डिसॅबिलिटी एलिमेंट सोडल्यासारखा होतो. घराचं बांधकाम अडलेलं असतं तेव्हा ही रक्कम खुणावते. सही करण्याआधी पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब बायकोसोबत बसून करा.

५. रिलीज मेडिकल बोर्ड: या दिवसाची तयारी

बोर्डाचा फॉर्म एएफएमएसएफ-१६. त्याच्या सुरुवातीला तुमचं स्वतःचं निवेदन असतं. कुठे कुठे नोकरी केली, दुखणं कधी आणि कुठे सुरू झालं, उपचार कुठे झाले, भरतीआधी हा त्रास होता का. हा भाग क्लार्कला ‘तुम्हीच भरा’ म्हणून सोडू नका. भरतीच्या वेळी तुमची पूर्ण तपासणी झाली होती आणि खांद्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आणि नंतरचा बिघाड सेवेमुळे झाला नाही हे दाखवण्याचा भार जवानावर टाकायचा नाही.

आता तपासणी. ऑर्थोपेडिक स्पेशालिस्ट खांद्याच्या हालचाली गोनिओमीटरने, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीने, मोजतात. निरोगी हात समोरून १८० अंश वर जातो, बाजूनेही १८०, आणि कोपर अंगाला लावून बाहेर वळवला तर साधारण ९० पर्यंत. तुम्ही काय करायचं, तर:

जिथे दुखायला लागतं तिथे थांबून सांगा. दात-ओठ खाऊन हात वर नेलात तर कागदावर १७० अंश उमटतात आणि कळ उमटत नाही. आपल्याला दुखणं गिळायचीच शिकवण मिळालेली असते, पण तपासणीच्या खोलीत ती कामाची नाही.

हात मागे-बाहेर वळवताना ‘आता निसटेल’ अशी भीती वाटते का? वाटत असेल तर तसं बोला. डॉक्टर त्याचीच चाचणी घेत असतात.

कोणत्या हाताने लिहिता-जेवता तेही नोंदवून घ्या.

रोजच्या कामाचं बोला. रायफल खांद्याला लावल्यावर धक्का सोसतो का, बादली उचलता येते का, पाठ चोळता येते का, त्या कुशीवर झोपता येतं का. ‘बरा आहे साहेब’ हे उत्तर तोंडातून सवयीने निघतं, ते आवरा.

खोटं मात्र काही सांगू नका. तपासताना हात ९० अंशांवर अडतो आणि उठताना तोच हात शर्ट घालायला सरळ वर जातो, हे डॉक्टरांच्या नजरेतून सुटत नाही. मग खऱ्या दुखण्यावरचाही विश्वास उडतो आणि तुमच्यामागे रांगेत बसलेल्याचंही नुकसान होतं.

बोर्ड झाल्यावर फॉर्ममधले तीन रकाने बघा: अट्रिब्युटेबल, अ‍ॅग्रॅव्हेटेड आणि त्यामागचं कारण. कारणाच्या रकान्यात तुमच्या इंज्युरी रिपोर्टचा उल्लेख आहे का? त्याखाली टक्के, किती काळासाठी, आणि एकूण म्हणजे कॉम्पोझिट टक्के. खांद्यासोबत पाठ किंवा गुडघाही असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. २० आणि २० मिळून ४० होतीलच असं नाही.

६. टक्के ठरले, आता पैसे किती

डिसॅबिलिटी एलिमेंटचा हिशेब १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असा आहे. समजा हिशेबात धरायचा पगार ४५,००० रुपये आहे. १०० टक्क्यांना १३,५०० झाले. २० टक्क्यांना २,७०० आणि ५० टक्क्यांना ६,७५०. त्यावर महागाई भत्ता वेगळा. लढाईत झालेल्या जखमेला वॉर इंज्युरीचे वेगळे, जास्तीचे दर आहेत.

२० आणि ५० मधला फरक महत्त्वाचा आहे, कारण इथे ब्रॉड बँडिंग येतं. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्रानुसार ५० पेक्षा कमी टक्के ५० धरले जातात, ५० ते ७५ असतील तर ७५, आणि ७६ ते १०० असतील तर १००. आधी हा फायदा फक्त वैद्यकीय कारणाने काढलेल्यांना मिळायचा. १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मान्य केला. जुने निवृत्त असाल, पेन्शन ऑर्डरवर २० किंवा ३० टक्केच दिसत असतील, तर ही गोष्ट आजच तपासा.

पण तारीख बघा. २१ सप्टेंबर २०२३ पासून बाहेर पडणाऱ्यांना नवे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे हक्काचे नियम, लागू आहेत. त्यांत नोकरी पूर्ण करून जाणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात. जुन्या निवृत्ताच्या पीपीओवरून, म्हणजे पेन्शन ऑर्डरवरून, आपला हिशेब करू नका. आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे आपले सेवेचे कागद जिथे असतात तिथून, आपल्याला लागू असलेला नियम लेखी घ्या.

अग्निवीरांची व्यवस्था निराळी आहे. त्यांना मासिक डिसॅबिलिटी पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला १००, ७५ आणि ५० टक्क्यांसाठी अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख अशी एकरकमी रक्कम आहे. चार वर्षांत खांदा गेलेल्या पोराला पुढे भरतीची दुसरी दारंही बंद होतात, म्हणून इंज्युरी रिपोर्टची काळजी त्यांनी सगळ्यांत जास्त घ्यावी.

जिल्हा रुग्णालयाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं नागरी ओळखपत्र, आणि लष्करी बोर्डाचे टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग म्हणून नागरी सवलतींसाठी साधारण ४० टक्क्यांची अट असते आणि मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. सिव्हिल सर्जनने ४० टक्के दिले म्हणून पेन्शन सुरू होत नाही.

७. नकाराचं पत्र आलं तर

पत्र आलेल्या तारखेचं पाकीट जपून ठेवा, कारण मुदत तिथून मोजली जाते. पहिलं अपील सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. ते फेटाळलं तर दुसरं अपील, तेही सहा महिन्यांत. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ आहे.

अपिलाआधी माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाची पूर्ण प्रत, इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद मागवा. उत्तराची मुदत ३० दिवस. बोर्डाचं कारण वाचल्याशिवाय लिहिलेलं अपील म्हणजे नुसती विनंती असते, आणि तिला उत्तरही ठरलेलंच येतं.

कशावर भांडायचं हे ठरवून घ्या. नाना लागला असेल तर ट्रायब्युनलमध्ये तुमच्याकडे चांगली जमीन आहे; इंज्युरी रिपोर्टवर ‘ऑन ड्युटी’ असून बोर्डाने संबंध नाकारला असेल तर फारच चांगली. टक्केच २० च्या खाली असतील तर वाट अवघड, कारण टक्केवारी हा डॉक्टरांचा विषय मानला जातो. तिथे आधी अपील मेडिकल बोर्ड मागा. निवृत्तीनंतर खांदा आणखी बिघडला असेल, सांध्याची झीज झाली असेल, तर री-सर्व्हे, म्हणजे फेरतपासणीच्या, बोर्डासाठी रेकॉर्ड ऑफिसला नव्या एमआरआयसह अर्ज करा. नोकरीतून वैद्यकीय कारणाने काढलेल्यांना २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालाचा आधार आहे: ज्या दुखण्यामुळे माणसाला नोकरीतूनच काढलं, ते २० टक्क्यांच्या वरचंच धरायला हवं.

उशीर झाला असेल तरी दार बंद नाही. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, असं कोर्ट मानतं. मात्र २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे वाट बघितलेलं प्रत्येक वर्ष खिशातून जातं.

‘केस जिंकून देतो, थकबाकीतले अर्धे माझे’ म्हणणारे एजंट गावोगाव फिरतात. मूळ डिस्चार्ज बुक आणि स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा, पासवर्ड कुणाच्याही हातात देऊ नका. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्जाचे नमुने, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार आणि पुढची दिशा तिथे फुकट मिळते.

८. फायलीत काय काय हवं

इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा शेरा. एमआय रूम आणि मिलिटरी हॉस्पिटलच्या सगळ्या नोंदी, डिस्चार्ज स्लिपा. एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही. नुसत्या फिल्मवर काळाने काही दिसेनासं होतं. ऑपरेशन नोट. एएफएमएसएफ-१५ च्या सर्व प्रती आणि एएफएमएसएफ-१६ पूर्ण, फक्त शेवटचं पान नव्हे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, बँक पासबुक. नकाराची पत्रं पाकिटांसकट. सोबतीला असलेल्या दोघांची लेखी निवेदनं, त्यांच्या आर्मी नंबरासह. स्पर्शवर नाव, जन्मतारीख आणि पत्नीचं नाव डिस्चार्ज बुकाशी जुळतं का हेही याच वेळी बघून घ्या. एका अक्षराच्या फरकाने मंजूर झालेले पैसेही अडकून पडतात.

सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये काढा, एक संच घरी ठेवा आणि एक संच भावाकडे किंवा वडिलांकडे. फाईल कुठे आहे ते बायकोला दाखवून ठेवा, कारण तुम्ही नसताना फॅमिली पेन्शनच्या कामाला यातलेच कागद लागतात.